फाटलेला कपडा, अकरा महिन्यांचं कद्दीश (लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण दफनापर्यंत आलो होतो. ज्यू माणूस मातीआड झाला की घरच्यांचा सात दिवसांचा ‘शिवा’ सुरू होतो. बऱ्याच घरांत आरसे झाकतात, चामडी पादत्राणं वापरत नाहीत, जमिनीवर नाहीतर बुटक्या आसनावर बसतात. पहिलं जेवण शेजारी आणतात. त्यात उकडलेली अंडी किंवा मसूर असतो. भेटायला आलेल्याने शोकात असलेला माणूस बोलेपर्यंत गप्प बसायचं. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. ‘कसं झालं?’ हे येणाऱ्या प्रत्येकाला नव्याने सांगत बसावं लागत नाही.

शिवा आणि तिसाव्या दिवशी संपणारं ‘श्लोशिम’ पती-पत्नी, भावंडं, अपत्य, आई-वडील सगळ्यांसाठी सारखंच. पण आई-वडिलांचा शोक बारा महिने चालतो. पोटचं मूल गेलं तर तीस दिवस आणि पिकलं पान गळलं तर वर्ष? हे उलटं वाटतं खरं. पण दुःख मोजण्यासाठी हे दिवस ठरवलेलेच नाहीत. आई-वडिलांचा मान राखणं ही दहा आज्ञांपैकी एक आहे, आणि ती त्यांच्या मरणाने संपत नाही. आपण केवढे मोडलो आहोत यापेक्षा आपण त्यांचं काय लागतो, हे इथे महत्त्वाचं.

शोकाची खूण म्हणून कपडा फाडतात, त्यातही हा फरक आहे. इतरांसाठी तो उजवीकडे फाडतात, आई-वडिलांसाठी डावीकडे, काळजापाशी. इतरांसाठी फाडलेला तीस दिवसांनी नीट शिवता येतो. आई-वडिलांसाठी फाडलेल्याला तेव्हा कच्चे टाके घालता येतात. पक्का तो कधीच शिवायचा नाही.

या वर्षात रोज म्हणायची प्रार्थना म्हणजे कद्दीश. भाषा मुख्यतः अरामी. त्यात मृत्यूचा उल्लेखच नाही, आहे ती देवाची स्तुती. वर्ष बारा महिन्यांचं, कद्दीश मात्र बहुतेक ठिकाणी अकराच महिने. दुष्टांचा न्याय बारा महिने चालतो असं मिश्ना या ज्यू धर्मग्रंथात म्हटलं आहे. पूर्ण वर्ष म्हटलं तर आपले आई-वडील त्यांतले ठरतील!

कद्दीशला दहा जण लागतात, परंपरेने पुरुषच. 1916मध्ये अमेरिकेतल्या ज्यू स्त्रियांच्या ‘हदासा’ संघटनेच्या संस्थापक हेन्रिएटा सोल्ड यांची आई वारली. त्या आठ बहिणी, भाऊ नाही. एका स्नेह्याने त्यांच्याऐवजी कद्दीश म्हणायची तयारी दाखवली. हेन्रिएटांनी आभार मानून नकार दिला: वडील गेले तेव्हा आईनेही मुलींची जागा दुसऱ्या कुणाला घेऊ दिली नव्हती, असं त्यांनी कळवलं. आज सुधारणावादी पंथांत स्त्रियाही त्या दहांत धरल्या जातात. मुलीने आपल्यासाठी कद्दीश म्हणावं, हा मला वडिलांचा आणि आईचाही हक्क वाटतो.

आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंची अडचण वेगळी. बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली आणि अलिबागकडच्या सिनेगॉगांत दहा माणसं जमवायची तर मुंबई-ठाण्याच्या नातलगांना बोलवावं लागतं.

वर्ष सरल्यावर दरवर्षी येणाऱ्या स्मृतिदिनाविषयी पुढच्या आठवड्यात.