अंगणातली रांगोळी आणि आपला बोअरिंग मंगळवार

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, नाहीतर छतावर टक लावून पडला असाल, जिथे असाल तिथूनच ऐका. आजचा विषय आहे साधा दिवस. ज्या दिवशी काहीच घडत नाही, स्टेटसला टाकण्यासारखं काही नसतं, असा दिवस.

त्यासाठी मी तुम्हाला रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडला नेणार आहे. गणपतीपुळ्याला गेलात की फोटो काढून परत फिरू नका, मालगुंड तिथून अगदी जवळ आहे. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे आपले केशवसुत, 1866 साली इथेच जन्मले. त्यांचं स्मारक इथे आहे. 1994 मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

शाळेत आपण केशवसुतांची ‘तुतारी’ वाचतो. 1893 सालची ही कविता म्हणजे जुनं मोडा, नवं घडवा अशी हाक. पण याच माणसाने ‘रांगोळी घालताना पाहून’ ही कविताही लिहिलीय. विषय काय, तर सकाळी सारवलेल्या अंगणात एक बाई रांगोळी घालतेय. बस्स, एवढंच! आणि त्या ठिपक्यारेषांत कवीला केवढा तरी मोठा अर्थ दिसतो.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? संतांनीही रोजचं आयुष्य गायलंच की. जनाबाईंचं जातं, सावता माळ्यांचा मळा. अगदी बरोबर. पण तिथे जात्यापासून वाट विठ्ठलाकडे जाते. केशवसुतांनी अंगण हाच कवितेचा विषय केला. इंग्रजी कवींचं वाचन त्यांच्या पाठीशी होतं. साध्या माणसांचं साधं जगणं कवितेत यावं, असं वर्ड्‌स्वर्थ 1800 च्या सुमारास मांडत होता.

मग आपल्याला हे का दिसत नाही? कारण सवय. जे रोज तसंच घडतं त्याची दखल घेणं मेंदू हळूहळू सोडून देतो. पंख्याचा आवाज कसा, बंद झाल्यावरच कळतो! घरचंही तसंच. मुंबई-पुण्याला रूमवर राहायला गेलं की पहिल्या आठवड्यात आठवते ती घरची पेज, नाहीतर पहाटे वाजणारी बादली. घरी असताना त्याकडे कुणी बघितलेलं असतं?

केशवसुतांचं आयुष्य काही निवांत नव्हतं. मास्तरकीच्या नोकऱ्या, तुटपुंजा पगार, मुंबईतून खानदेशात, तिथून धारवाडला. तो प्लेगचा काळ. 1905 च्या नोव्हेंबरात हुबळीला त्यांना प्लेगने गाठलं, चाळिशीही झाली नव्हती. हयातीत त्यांचा कवितासंग्रहसुद्धा निघाला नाही. ज्या काळात साथ येऊन घरंच्या घरं रिकामी व्हायची, त्या काळात रोजचं अंगण सारवलं जाणं ही काही छोटी गोष्ट नव्हती.

आता एक खटकणारा मुद्दा. ‘साधेपणात सुख’ म्हणणं फार सोपं आहे. पण ते अंगण सारवतं कोण? आपली सकाळ शांत असते, कारण घरात कुणीतरी पाचला उठलेलं असतं. म्हणून साध्या दिवसाची किंमत कळणं म्हणजे नुसतं ‘किती छान’ म्हणणं नाही. त्यामागचे हात दिसले पाहिजेत, आणि त्यातलं थोडं काम आपल्या अंगावर घेतलं पाहिजे. आणि जे चुकीचं चाललंय ते रोजचंच आहे म्हणून गोड मानून घ्यायचं नाही. तुतारी आणि रांगोळी एकाच माणसाने लिहिलीय, हे विसरू नका.

तर उद्यासाठी एक काम. घरातलं रोजचं एखादं काम निवडा. चहा, केर, पाणी भरणं, काहीही. फोन खिशात ठेवून पाच मिनिटं ते नीट बघा. परवा तेच काम तुम्ही करा. आणि ज्यांच्या हातून ते घेतलंत, त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला विसरू नका.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!