सशाची वही

ससा कोणाला ठाऊक नाही? कासवाबरोबर शर्यत लावणारा ससा आपण सर्वांनी गोष्टीत ऐकलेला आहे. पण गोष्टीतला ससा बोलतो. घरातला ससा बोलत नाही. त्याचे पोट दुखले तरी तो ओरडत नाही. कोपऱ्यात मुकाट बसून राहतो. आपल्याला वाटते, झोप आली असेल. दुसऱ्या दिवशी पाहावे, तर दुखणे हाताबाहेर गेलेले असते.

नवी मुंबईत पुष्कळ घरी ससे पाळतात. गावठाणातल्या ओटीवर ससा दिसतो, तसा उंच इमारतीच्या गॅलरीतही दिसतो. मुले हट्ट धरतात आणि आईबाप ससा आणून देतात. पण ससा म्हणजे खेळणे नव्हे. नीट जपला तर तो आठ-दहा वर्षे सोबत करतो. म्हणून त्याचे दुखणे कसे ओळखावे आणि काय करावे, ते आज आपण पाहू.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. पाळीव ससा मूळचा युरोपातला. आपल्या डोंगरातला रानससा वेगळा. रानससा धरून घरी पाळायला कायद्याने बंदी आहे. हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. आम्ही सांगतो आहोत ते पाळीव सशाविषयी.

ससा दुखणे का लपवतो?

रानात सशाच्या पाळतीवर कोल्हा असतो, वरून घार असते. जो लंगडतो, जो मागे पडतो, तोच आधी सापडतो. म्हणून आपण दुबळे आहोत हे दिसू न देणे, हा सशाचा स्वभावच बनला. घरात कोल्हा नाही, पण स्वभाव तोच आहे. तेव्हा सशाने सांगावे अशी वाट पाहू नका. आपणच रोज पाहिले पाहिजे.

दोन महत्त्वाचे अवयव

मटणाच्या दुकानात आपण कलेजी पाहतो आणि गुर्दा पाहतो. कलेजी म्हणजे यकृत. गुर्दा म्हणजे मूत्रपिंड. आपल्या शरीरात हे दोन्ही आहेत, तसेच सशाच्याही शरीरात आहेत.

मूत्रपिंड रक्त गाळते. रक्तातली घाण पाण्याबरोबर लघवीवाटे बाहेर टाकते. मूत्रपिंड बिघडले की घाण अंगातच साठते. ससा पाणी फार पितो, लघवी फार करतो, पण खाणे कमी होते आणि अंग वाळत जाते. कधी उलटही घडते. लघवी थोडी-थोडी होते, चुन्यासारखी दाट होते आणि ससा कुंथतो.

यकृत हे घरातल्या कोठारासारखे आहे. अन्नाचा कस ते साठवते, विषारी वस्तूंचा नाश करते. यकृत बिघडले की ससा मलूल होतो, खाणे सोडतो. कधी पोट फुगते, कधी हगवण लागते.

ही दुखणी येतात कशामुळे? एक अगदी बारीक जंतू सशाच्या लघवीतून दुसऱ्या सशाकडे जातो आणि मूत्रपिंडात व मेंदूत घर करतो. अशा सशाची मान एका बाजूला वाकडी होते किंवा मागचे पाय लुळे पडतात. दुसरा एक जंतू लेंडीतून पसरतो आणि यकृतात शिरतो. लहान पिलांना त्याचा फार त्रास होतो. पण हा जंतू लेंडीतून पडला की लगेच बाधत नाही. त्याला काही काळ ओलीत पडून राहावे लागते. म्हणून जो रोज पिंजरा झाडून कोरडा करतो, त्याने अर्धे दुखणे दारातच अडवले म्हणून समजा.

वही कशी ठेवावी?

आम्ही शाळेत होतो तेव्हा रोज हजेरी मांडत असू. कोण आले, कोण नाही, हे डोक्यात राहत नाही, कागदावर राहते. सशाचीही अशी हजेरी मांडावी. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. ही विद्या सशाच्या कामी लावा.

एक साधी वही घ्या. रोज पाच गोष्टी लिहा.

पहिली, खाणे. सगळे खाल्ले, अर्धे खाल्ले की तोंडच लावले नाही?

दुसरी, पाणी. सकाळी मापून ठेवा, दुसऱ्या सकाळी उरलेले मापा. सशाला दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे दोन किलोचा ससा १०० ते ३०० मिलिलिटर पाणी पितो. ओला पाला खात असेल तर कमी पितो. म्हणून आपल्या सशाचे रोजचे माप ठाऊक हवे.

तिसरी, लेंड्या. चांगली लेंडी गोल, कोरडी आणि एकसारखी असते. लेंड्या लहान झाल्या किंवा बंद झाल्या, तर ती धोक्याची खूण आहे. रात्री ससा मऊ, चिकट लेंड्या घालतो आणि त्या स्वतःच खातो. हे पाहून घाबरू नका. तो त्याचा नेम आहे.

चौथी, लघवी. सशाची लघवी पिवळी असते, कधी नारिंगी असते, कधी पाल्याच्या रंगाने तांबूसही दिसते. थोडी गढूळ असते. एवढ्याने भिऊ नये. पण लालपणा हटत नसेल, तर रक्त आहे की रंग, ते डॉक्टरच तपासून सांगतील.

पाचवी, वजन. हे आठवड्यातून एकदा केले तरी चालेल. ससा टोपलीत बसवून वजन करा आणि टोपलीचे वजन वजा करा.

समजा, घणसोलीत एका घरी दोन किलोचा ससा आहे. वहीत लिहिले आहे:

पहिला रविवार. वजन २ किलो. पाणी १५० मिलिलिटर. खाणे सगळे.

दुसरा रविवार. वजन १ किलो ९०० ग्रॅम. पाणी २५० मिलिलिटर. खाणे अर्धे.

तिसरा रविवार. वजन १ किलो ८०० ग्रॅम. पाणी ३५० मिलिलिटर. खाणे थोडे.

नुसते पाहिले तर ससा तसाच दिसतो, कारण केसांमुळे अंगाचा वाळकेपणा झाकला जातो. पण वही काय सांगते? दहावा हिस्सा वजन गेले. पाणी दुपटीहून वाढले. मूत्रपिंडाचा संशय घ्यायला एवढे पुरे आहे. खरे तर दुसऱ्याच रविवारी डॉक्टरांकडे जायला हवे होते.

वही नसली तर काय होते? डॉक्टर विचारतात, "कधीपासून खात नाही?" बाप म्हणतो, "झाले असतील दोन-चार दिवस." आई म्हणते, "छे हो, परवा तर खाल्लं की यानं!" अशाने डॉक्टरांनी काय समजावे? वही पुढे ठेवली की वाद मिटतो.

संशय म्हणजे निकाल नव्हे

वही संशय दाखवते. निकाल डॉक्टरांचा. खाणे कमी होण्याची कारणे पुष्कळ आहेत. सशाचे दात जन्मभर वाढतात. ते वाकडे वाढले की तोंडात टोचतात, तरीही ससा खात नाही. म्हणून डॉक्टर आधी तोंड पाहतात, पोट चाचपतात. मग रक्त आणि लघवी तपासतात. मुतखडा असेल तर एक्स-रेमध्ये दिसतो. रक्तात दोष दिसू लागतो, तोवर मूत्रपिंडाचा मोठा भाग निकामी झालेला असतो. गेलेला भाग परत येत नाही, पण उरलेला जपता येतो. म्हणून लवकर जाण्याला फार किंमत आहे.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा, "ससा तपासता का?" सर्वांनाच सशाची सवय नसते. १९६२ या क्रमांकावर फोन करूनही जनावरांच्या उपचाराची चौकशी करता येते. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते १८८६ साली सुरू झाले. त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय आहे. वाशी-नेरूळकडून जाणाऱ्याने हार्बर गाडीने कुर्ल्याला उतरावे आणि तिथून धीम्या गाडीने परळ गाठावे. ससा हवेशीर टोपलीत न्यावा. उन्हाच्या आधी, सकाळीच निघावे. ससा घामाने गार होत नाही. त्याला ऊन फार बाधते.

हे करू नका

सशाला उपाशी ठेवू नका. माणसाचे पोट बिघडले की आपण लंघन करतो. सशाला लंघन म्हणजे मरण. तो खाईनासा झाला की अंगातली चरबी सुटते आणि यकृतात जाऊन साठते. यकृत चरबीने भरते आणि बंद पडू लागते. लठ्ठ सशाचे तर दोन-चार दिवसांत असे होते. बारा तास खाल्ले नाही, लेंडी टाकली नाही, तर सकाळची वाट पाहू नका.

माणसाची औषधे देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारख्या गोळ्या माणसाला बऱ्या करतात, पण सशाच्या पोटात गेल्या तर तिथले उपयोगी जंतू मारतात आणि ससा दगावू शकतो. शेजाऱ्याने सांगितलेला काढाही नको. आजारी यकृताला काढ्याचे ओझे कशाला?

ब्रेड, बिस्किट, चपाती, भात देऊ नका. गाजर गोड असते. त्याचा एखादा तुकडा पुरे. कांदा, लसूण आणि बटाट्याचा पाला मुळीच नको.

बुरसटलेला चारा देऊ नका. हे आम्ही बजावून सांगतो. नवी मुंबईचा पावसाळा ओला. गोणीतला दाणा आणि शेंगदाण्याची पेंड लवकर बुरसटते. काही बुरशा यकृताचे विष तयार करतात. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल जिल्ह्यांत पावसात भिजलेला, बुरसटलेला मका लोकांनी खाल्ला. ३९७ माणसे यकृताच्या दुखण्याने आजारी पडली. त्यांतली शंभराहून अधिक दगावली. त्या घरांतली कुत्रीही मेली. जे विष सशाला मारते, ते आपल्यालाही सोडत नाही. तेव्हा वास येणारा दाणा सशालाही नको आणि आपल्या जात्यातही नको.

घरची शुश्रूषा

डॉक्टरांनी मूत्रपिंडाचे दुखणे सांगितले, तर पाणी हे पहिले औषध. नळीची बाटली ठेवा आणि जड वाटीतही पाणी ठेवा. पाला धुऊन ओलाच द्या. गवत हे सशाचे मुख्य अन्न. हरळी, म्हणजे आपली दूर्वा, उत्तम. पण रस्त्याकडेची नको. तिथे कुत्री मुततात, औषध फवारतात. कोथिंबीर, मुळ्याचा पाला थोडा-थोडा चालतो. लसूणघास आणि पालक मात्र टाळावा. त्यांनी लघवीत खर साठण्याची भीती असते.

गरज पडली तर डॉक्टर कातडीखाली सलाईन देतात. पुष्कळदा ते घरच्यांनाही शिकवतात. आतडे अडलेले नाही असे डॉक्टरांनी सांगितले, तरच पातळ केलेले अन्न सुई काढलेल्या पिचकारीने भरवा. पिचकारी ओठाच्या बाजूने घाला. थेंब-थेंब द्या. घाई केली तर अन्न श्वासनळीत जाते.

पिंजरा साफ केल्यावर हात साबणाने धुवा. सशाच्या लघवीतला जंतू अशक्त माणसाला बाधू शकतो.

नवा आणा की!

ससा स्वस्तात येतो आणि तपासणी महाग पडते. मग शेजारी म्हणतात, "एवढा खर्च कशाला? नवा आणा की!" हिशेबाने ते खरे वाटते. पण घरातली मुले सगळे पाहत असतात. आजारी पडला की टाकून द्यायचे, हे एकदा मुलांच्या मनात बसले, तर पुढे ते सशापुरते राहत नाही. म्हातारपणी आपणही आजारी पडणार आहोत.

ज्याची ऐपत कमी, त्याने डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. "आमच्याकडे एवढेच पैसे आहेत. यात आधी काय करावं?" यात लाज नाही. वजन, पाणी आणि खाणे मापायला तर पैसा लागत नाही.

कधी इतके करूनही ससा वाचत नाही. फार वेदना असतील तर डॉक्टर त्याला न दुखवता शेवट देण्याचा सल्ला देतात. मुलांना तेव्हा "ससा गावाला गेला" असे सांगू नये. खरे सांगावे आणि वही दाखवावी. आपण रोज पाहिले, रोज लिहिले, वेळेवर नेले, हे त्यात लिहिलेले असते.

ज्याच्या घरी ससा आहे, त्याने आजच वही करावी. पहिल्या ओळीत तारीख घाला आणि दुसऱ्या ओळीत वजन लिहा. पुढचे रोजच्या रोज मांडत जा.