मातीची कामं कोण करणार? मातीविना मुळा, गाजर आणि बीट



आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं गाजर-मुळ्यावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण ज्या खानदेशात 1916 साली प्रताप शेठजींनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, त्या खानदेशात विचार आणि शेती यांच्यात फार मोठी भिंत कधी नव्हतीच. शिवाय आजचा प्रश्न मुळात तत्त्वज्ञानाचाच आहे. माती काढून घेतली तर झाडाचं काय अडतं? जळगाव-धुळ्यातल्या गच्चीवर, बाल्कनीत हे करून पाहायचं ठरवलं, तर पैसे आणि पाणी दोन्ही वाया जाऊ नयेत म्हणून हा प्रश्न आधी नीट सोडवायला हवा. आजकाल पांढऱ्या पाइपांचे तयार संच विकत मिळतात. त्यात पालक, लेट्यूस छान येतं. त्याच पाइपात गाजर लावलं की मात्र निराशा पदरी पडते. का, ते पाहू.

माती म्हणजे नेमकं काय?

आपल्या न्यायशास्त्रात कारण ओळखण्याची एक रीत सांगितली आहे, अन्वय आणि व्यतिरेक. एखादी गोष्ट असताना परिणाम दिसतो का, आणि ती नसताना तो नाहीसा होतो का, असं दोन्ही बाजूंनी तपासायचं. मातीविना शेती म्हणजे मातीच्या बाबतीत केलेला व्यतिरेकाचा प्रयोगच म्हणायचा.

अ‍ॅरिस्टॉटलला वाटे की जमीन हे झाडाचं जठर आहे. अन्न तिथेच शिजतं आणि मुळं ते फक्त ओढून घेतात. पुढे फान हेल्मोंट या विद्वानानं एक प्रयोग केला, तो 1648 साली त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. 200 पौंड कोरडी माती घेतली, त्यात 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 169 पौंडांचं झालं, आणि माती घटली फक्त दोन औंस. त्यानं निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासूनच बनतं.

इथे आपण थांबायला हवं. झाडाचा बराचसा ऐवज हवेतून येतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि ते दोन औंस त्यानं किरकोळ म्हणून सोडून दिले. प्रत्यक्षात नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बोरॉन ही सगळी मंडळी त्या दोन औंसांच्या हिशेबातली! 1860 च्या सुमारास जर्मनीत झाक्स आणि क्नॉप यांनी हेच क्षार मोजून पाण्यात विरघळवले आणि मातीविना रोपं वाढवून दाखवली. 1937 मध्ये कॅलिफोर्नियाच्या गेरिकेनं या पद्धतीसाठी 'हायड्रोपोनिक्स' हा शब्द रूढ केला. ग्रीक भाषेत 'हायडोर' म्हणजे पाणी आणि 'पोनोस' म्हणजे श्रम. पाण्यानं केलेले श्रम, असा त्याचा अर्थ.

आता मातीचे श्रम कोणते ते मोजू. ती झाडाला उभं धरते. पाणी साठवते. क्षार पुरवते. कणांच्या फटींतून मुळांना हवा देते. ही झाली चार कामं. पाचवं काम सहज लक्षात येत नाही. आपल्या हातून चूक झाली तर माती सांभाळून घेते. खत जास्त पडलं तर काही धरून ठेवते, पाणी एक दिवस चुकलं तर ओल पुरवते. माती काढली की ही पाचही कामं आपल्या गळ्यात पडतात.

कंदमुळांचं सहावं काम

पालकाच्या बाबतीत मूळ म्हणजे नळी. ती पाण्यात लोंबकळली तरी चालते, कारण आपण पानं खातो. गाजर, मुळा, बीट यांच्यात झाड आपली शिल्लक ठेवतं ती मुळाशी, आणि आपण तेच कोठार उपटून खातो. हे कोठार भरायला अंधार लागतो, भोवती हवा लागते आणि सगळीकडून सारखा, मऊ आधार लागतो. पाण्याच्या पाइपात हा आधार नसतो. गाजर तिथे बारीक, वेडंवाकडं, केसाळ होतं. उलट भोवती खडा आला किंवा कोवळं टोक दुखावलं, तर त्याला दोन-तीन फाटे फुटतात. म्हणून गाजराचं रोप कधी उपटून दुसरीकडे लावत नाहीत, बी जागेवरच टाकतात.

तेव्हा कंदमुळांसाठी माती नको असली तरी मातीसारखं काहीतरी हवं, आणि त्यातून क्षारांचं पाणी फिरवायला हवं. ही रीत भारताला नवी नाही. 1946 च्या सुमारास कालिम्पाँगला शोल्टो डग्लस यांनी वाळू आणि खडीचे साधे वाफे करून मातीविना भाज्या घेतल्या. पुढे ती 'बंगाल पद्धत' म्हणून ओळखली गेली. महागडी यंत्रं नकोत, घरात मिळेल त्या भांड्यात करा, हा तिचा गाभा.

आणि खानदेशाला तर ही अर्धी वाट ओळखीचीच आहे. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत ठिबकच्या नळीतून विद्राव्य खतं थेंबाथेंबानं देतात, तेव्हा खतं देण्याचं मातीचं काम शेतकऱ्यानं आपल्या हाती घेतलेलंच असतं. ज्या जळगावात भवरलाल जैन यांनी ठिबकचा कारखाना उभा केला, तिथल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

प्रत्यक्ष मांडणी

भांडं प्लास्टिकचं घ्यावं. तेलाचा पत्र्याचा डबा क्षारांनी लवकर गंजतो. मुळा आणि बीट यांना 20 ते 25 सेंटीमीटर खोली पुरते, गाजराला निदान 30 हवी. तळाला भोकं पाडून खाली ट्रे ठेवावा. भांडं आतून काळं आणि बाहेरून पांढरं असलं तर उत्तम. आत उजेड शिरला की शेवाळ धरतं, आणि बाहेर काळं असलं की उन्हात तापतं.

आत दोन भाग कोकोपीट आणि एक भाग जाड, धुतलेली वाळू. कोकोपीटमध्ये मीठ असतं, म्हणून ते तीन-चार पाण्यांत धुऊन घ्यावं. वाळूची एक घरगुती परीक्षा आहे. मूठभर वाळूवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे, ती पाण्याचा पीएच वाढवते. आपल्याला 5.5 ते 6.5 पीएच हवा, म्हणून अशी वाळू टाळावी.

आता ते 'दोन औंस'. चारही क्षार कृषी सेवा केंद्रात मिळतात. दहा लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट 6 ग्रॅम, 13:0:45 3 ग्रॅम, 0:52:34 2 ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट 4 ग्रॅम. शिवाय बोरॉन असलेलं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात. बोरॉन कमी पडलं तर बीट आतून काळं पडतं. क्षार एकेक करून, भरपूर पाण्यात विरघळवावेत. कॅल्शियम नायट्रेट घट्ट स्थितीत बाकीच्यांत मिसळलं तर पांढरा गाळ बसतो आणि तो झाडाच्या उपयोगाचा राहत नाही. 19:19:19 सगळीकडे मिळतं, पण त्यातला निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू तो पचवून देतात. आपल्याकडे माती नाही, म्हणून ते इथे नको. नत्राचा हात एकूणच आखडता ठेवावा. पाला डौलदार आणि खाली शेपटीएवढं गाजर, हे बहुधा जादा नत्राचं लक्षण असतं.

बी एक सेंटीमीटर खोल टाकावं. खरी पानं दिसेपर्यंत साधं पाणी, मग निम्म्या ताकदीचं द्रावण, नंतर पूर्ण. दिवसातून दोनदा, तळातून थोडं पाणी झिरपेपर्यंत घालावं. सलाईनच्या नळीनं थेंबथेंब सोडलं तरी चालतं. आठवड्यातून एकदा साध्या पाण्यानं साठलेले क्षार धुवावेत. बिटाचं एक बी म्हणजे बहुधा अनेक बियांचा गुच्छ असतो, म्हणून विरळणी करावीच लागते. गाजराचा माथा उघडा पडला की हिरवा होतो, त्यावर कोकोपीट ओढावं. मुळा 40-45 दिवसांत, बीट दोन-सव्वादोन महिन्यांत, गाजर तीन महिन्यांच्या पुढे तयार होतं.

आपलं ऊन, आपलं पाणी

पेरणी ऑक्टोबर ते डिसेंबर. गाजराला 15 ते 20 अंश तापमान मानवतं, आणि धुळ्याची थंडी तर पारा सहा-सात अंशांपर्यंत खाली नेते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला 45 अंशांच्या आसपास गच्चीवर हा खेळ मांडू नये. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो. 20 अंशांना एका लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, 40 अंशांना जेमतेम साडेसहा. मुळं गुदमरतात, आणि सांभाळून घ्यायला माती नसते.

पाण्यातले क्षार हा आपला दुसरा प्रश्न. बोअरचं पाणी जड. इथे पीक निवडताना एक क्रम ध्यानात ठेवावा. मातीच्या अर्काची ईसी 1.0 च्या पुढे गेली की गाजराचं उत्पन्न घटू लागतं, मुळ्याचं 1.2 नंतर, आणि बिटाचं थेट 4.0 नंतर. हे आकडे मातीचे आहेत, आपल्या द्रावणाला जसेच्या तसे लावू नयेत, पण क्रम खरा आहे. ज्यांच्याकडे फक्त बोअरचं पाणी आहे, त्यांनी बिटापासून सुरुवात करावी. गाजरासाठी पावसाचं किंवा एसीतून ठिबकणारं पाणी निम्मं मिसळावं.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*कूलरमधलं उरलेलं पाणी किंवा आरओचं वाया जाणारं पाणी वापरावं का?*

कूलरमधून वाफ उडते, क्षार मागे राहतात. ताट्यांवर जो पांढरा थर बसतो तो हाच. आरओच्या टाकाऊ पाण्याचंही तेच, क्षार त्यातच लोटलेले असतात. गाजर-मुळ्याला दोन्ही नकोत. आरओचं पाणी फरशी पुसायला वापरा.

*बटाटा आणि कांदाही असाच घेता येईल?*

बटाटा हे मूळ नव्हे, ते जमिनीखालचं खोड आहे. कांदा म्हणजे पानांचे जाड झालेले बुडखे. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं मुळं हवेत टांगून त्यांवर पोषणाचे तुषार उडवण्याची पद्धत विकसित केली आहे, पण ती रोगमुक्त बेण्यासाठी. घरी खाण्यापुरता बटाटा हवा असेल तर मातीची गोणीच बरी.

*हे परवडतं का?*

साधा हिशेब करू. 30 बाय 60 सेंटीमीटरच्या क्रेटमध्ये सात-आठ सेंटीमीटर अंतरानं तीसेक गाजरं बसतात. प्रत्येक 80 ग्रॅमचं धरलं तर अडीच किलोच्या आत-बाहेर. हंगामात बाजारात तेवढी गाजरं याहून स्वस्त मिळतील. 1938 मध्ये होगलँड आणि आर्नन यांनी काळजीपूर्वक तुलना करून सांगितलं होतं की चांगल्या मातीपेक्षा जादा उत्पन्न या पद्धतीत आपोआप मिळत नाही. तेव्हा ज्यांच्या अंगणात चांगली माती आहे, त्यांनी मातीतच लावावं. ज्यांच्याकडे गच्चीखेरीज काही नाही, पाणी मोजून वापरावं लागतं आणि रोज दहा मिनिटं द्यायची तयारी आहे, त्यांनी एक क्रेट करून पाहावा. ट्रेमध्ये झिरपलेलं पाणी त्याच दिवशी कढीपत्त्याला किंवा जास्वंदीला घालावं. साचू दिलं तर डास होतील, आणि डेंग्यू काही गाजराची किंमत विचारत नाही.

*मग यातून मिळवायचं काय?*

मातीला आपण आई म्हणतो, पण ती दिवसभर काय काय करते हे क्वचितच मोजतो. तीन महिने तिची कामं स्वतः केली की तो हिशेब हाताला कळतो. आमच्या मते शाळेतल्या मुलांसाठी हा प्रयोग विशेष चांगला. दोन भांडी शेजारी ठेवा, एक मातीचं, एक मातीविना, बी एकच. कोणत्या भांड्याकडे किती वेळा धावावं लागलं याची वही मुलांना ठेवू द्या. अन्वय-व्यतिरेक त्यांना वेगळा शिकवावा लागणार नाही.