एका चालीचा पंप

भोपाळात मोटर जळत नाही, ‘फुंकते’. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या पंपघराचं दार उघडलं, तर वॉर्निशचा करपट वास नाकात गेला आणि पाच मिनिटांत बातमी तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचली. पोरांना सुट्टी, पारा ४४ अंशांवर, आणि पाणी फिरायचं थांबलं की तरणतलाव दोन-तीन दिवसांत हिरवट व्हायला लागतो. सभा उभ्या उभ्या झाली आणि ठराव एका ओळीचा: होता तसाच पंप आणा, जमलं तर एक नंबर मोठा.

माझं भांडण त्या ‘एक नंबर मोठा’शी आहे.

आधी या यंत्राची ओळख. तरणतलावाचा पंप म्हणजे शेतावरच्या मोनोब्लॉकचा शहरी चुलतभाऊ. पोटात तोच इम्पेलर, मागे तीच इंडक्शन मोटर, मधे पाणी अडवणारं मेकॅनिकल सील. फरक अंगलटीत. बिडाच्या जागी काचतंतू घातलेलं प्लॅस्टिक, कारण क्लोरीनचं पाणी बीड खातं आणि गंजाचे तपकिरी ओघळ टाइल्सवर सोडतं. पुढे पारदर्शक झाकणाची टोपली; तीत केस, पानं, कधी एखादं हेअरबँड अडकतं. आणि बंद पडल्यावरही पोटात थोडं पाणी धरून ठेवायची सोय, म्हणजे दर वेळी प्रायमिंगचा तांब्या घेऊन धावायला नको.

‘सिंगल स्पीड’ म्हणजे एकच चाल. ती चाल पंप ठरवत नाही, वीज ठरवते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. दोन पोलांची मोटर त्यावर मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या जरा खाली, साधारण २८५० ते २९०० वर फिरते. बटण दाबलं की तीच चाल, बंद केलं की शून्य. अधलंमधलं काही नाही. यातच एक सापळा आहे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. तिथल्या कॅटलॉगातले आकडे वाचून आलेला इम्पेलर इथे पाच-षष्ठांश वेगाने फिरतो: पाणी ८३ टक्के, दाब ६९ टक्के. विकणारा खोटं बोलत नाही, पण आलेख दुसऱ्या खंडातला असतो. तेव्हा आलेख मागायचा तो ५० हर्ट्झचाच.

मराठी माणसाला पंपाबद्दल थोडी घरची माया असते. बेळगावात १८८८ साली सायकलींचं दुकान काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर गेले, आणि १९२६ मध्ये किर्लोस्करवाडीतून सेंट्रिफ्यूगल पंप बाहेर पडला. भोपाळहून इंदूरच्या रस्त्याला लागलं की सुमारे दीडशे किलोमीटरवर देवास. पवारांच्या दोन गाद्यांचं हे गाव, आणि किर्लोस्कर ब्रदर्सचा लहान पंपांचा कारखाना तिथेच. खुद्द भोपाळात पिपलानी-बरखेडाच्या बाजूला भेलचा कारखाना. १९५६ मध्ये ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ म्हणून स्थापन झालेला हा कारखाना इतक्या मोठ्या मोटरी करतो की आमची तीन एचपीची मोटर त्यांच्यापुढे खेळणंच. त्याच्या आधाराने गोविंदपुऱ्यात छोट्या कारखान्यांची वसाहत वाढली. या शहरात मोटर खोलून आत काय झालंय ते बघणारा माणूस शोधावा लागत नाही.

म्हणून पंप बदलण्याआधी पहिला प्रश्न: बदलायचाच आहे का? मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. किरकिर करते, तर बेअरिंग. मोटर आणि पंप यांच्या सांध्यातून पाणी ठिबकतं, तर सील. आणि सील वेळेवर बदललं नाही की तेच पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि शे-दोनशेचं काम हजारोंवर जातं. वाइंडिंग जळालं तरी ते पुन्हा भरता येतं. फक्त जुनं वाइंडिंग काढताना मोटर भट्टीत अती तापवली, तर आतल्या पत्र्यांमधलं इन्सुलेशन बिघडतं आणि ती कायमची थोडी जास्त वीज खाते. आमची मोटर याआधी दोनदा भरलेली होती, वर पंपाच्या अंगाला चीर. वाइंडिंगवाल्यानेच हात जोडले. “साहब, अब इसको छोड़ दीजिए.”

मग हिशेब. जुन्या पंपाची नेमप्लेट हा हिशेबाचा आरंभ नव्हे, कारण तो पंपही कुणीतरी ‘एक नंबर मोठा’ म्हणूनच आणलेला असू शकतो. सुरुवात पाण्यापासून. आमचा तलाव १५ मीटर लांब, ७ रुंद, सरासरी १.३ खोल: १३६ घनमीटर, म्हणजे एक लाख छत्तीस हजार लिटर. सगळं पाणी साधारण सहा तासांत एकदा फिल्टरमधून जावं असं धरलं, तर ताशी पावणेतेवीस हजार लिटर. हा पहिला आकडा.

दुसरा आकडा वाळू देते. आमचा सँड फिल्टर ९०० मिलिमीटर व्यासाचा, त्याच्या वाळूचा पृष्ठभाग ०.६४ चौरस मीटर. त्यातून हे पाणी ताशी ३६ मीटरच्या वेगाने खाली उतरतं. वाळू ते निवांत पेलते. तिसरा आकडा पाइपचा: ७५ मिलिमीटरच्या पाइपात वेग सेकंदाला पावणेदोन मीटर. ओढणाऱ्या बाजूला १.८ च्या वर जाऊ नये असा संकेत आहे, म्हणजे पाइप काठावर पास. फिल्टर, वळणं, व्हॉल्व्ह, तोट्या असा सगळा अडथळा मिळून १२ मीटर हेड, म्हणजे पाणी तेवढं उंच चढवण्याइतकं ओझं, धरलं.

आता सरळ गुणाकार. इतकं पाणी इतक्या हेडवर ढकलायला लागणारी निव्वळ शक्ती जेमतेम एक हॉर्सपॉवर भरते. पंपाची कार्यक्षमता ५५ ते ६० टक्के धरली, तर शाफ्टवर पावणेदोन. म्हणजे दोन एचपीची मोटर पुरे. जळालेली तीनची होती. दुकानदार पाचची दाखवत होता.

तीनने बिघडतं काय? इथेच या यंत्राचा स्वभाव कळतो. पाइपातला अडथळा प्रवाहाच्या वर्गाने वाढतो आणि शक्ती घनाने. त्याच पाइपात, त्याच वाळूत तीन एचपी लावली तर पाणी फक्त पाचवा हिस्सा जास्त येतं, ताशी सत्तावीस हजारांच्या आसपास, आणि शाफ्टवरचं ओझं पावणेदोनवरून तीनवर जातं. पाइपातला वेग दोन मीटरच्या पुढे. वाळूतून पाणी ४३ मीटरने धावायला लागतं. मग ते वाळूत आपल्या वाटा पाडतं आणि कचरा सोबत घेऊन तलावात परततं. दिवसाला दोन फेऱ्यांचं पाणी फिरवायला दोन एचपी बारा तासांत सुमारे २० युनिट खाते. तीन एचपी दहा तासांत २८. पाणी तेवढंच, पण रोजची आठ युनिटं जास्त, आणि वर गढूळपणा.

अगदी लहान घ्यावा असंही नाही. बॅकवॉशच्या वेळी वाळू उलट्या प्रवाहाने उचलून धुवावी लागते, त्यासाठी याच फिल्टरला ताशी साडेतेवीस हजार लिटरच्या आसपास पाणी हवं. काटकसरीत दीड एचपी घेतली तर वाळू हलते पण उठत नाही, आणि महिन्याभरात तिचे गोळे होतात. स्पाचं गणित निराळं. तिथे पाणी चार बादल्यांचं, पण जेटला जोर हवा, आणि पंप चालतो अर्धा तास. तिथे एका चालीच्या पंपाला नाव ठेवायला जागा नाही.

एक भोपाळी आकडा यात डोकावतो. बडा तालाब पूर्ण भरला की पातळी १६६६.८० फूट, पावसाळ्यात अख्खं शहर तो आकडा पुटपुटत असतं. मीटरमध्ये तो ५०८. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या १०.३ मीटर पाण्याऐवजी ९.७ च्या जवळ पेलतो. पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो, खरं तर हवा ते मागून ढकलते. म्हणून पंप पाण्याच्या पातळीच्या वर बसवायचा असेल, तर मुंबईच्या हिशेबापेक्षा अर्धा मीटर हातचा ठेवावा. आमचं पंपघर तळघरात, पाण्याच्या खाली, त्यामुळे ही चिंता नव्हती. चिंता तिथल्या उकाड्याची होती.

त्या उकाड्यामुळेच चाल बदलणाऱ्या पंपाचा विचार मी दोनदा केला. वेग निम्मा केला तर शक्ती हिशेबाने आठवा हिस्सा लागते. पाणी सावकाश पण दिवसभर फिरतं. अमेरिकेने १९ जुलै २०२१ पासून कार्यक्षमतेचे नियम असे कडक केले की मोठे एकचाली फिल्टरपंप तिथल्या नव्या उत्पादनातून जवळपास गेलेच. तर्क बिनतोड आहे. पण त्या पंपांच्या डोक्यावर बसवलेलं इलेक्ट्रॉनिक्स आमच्या तळघरात मे काढेल का, आणि बिघडलं तर गोविंदपुऱ्यात ते उघडणारा कोण? तोडगा मधला निघाला. सिंगल फेजऐवजी थ्री फेजची साधी दोन एचपी मोटर घ्यायची. पुढे पैसे जमले की तिला वरच्या मजल्यावर, हवेशीर जागी, चाल बदलणारा वेगळा ड्राइव्ह लावता येतो. पंप आज एका चालीचा. उद्या तसाच राहील असं नाही.

थ्री फेजची एक खोड मात्र आहे. दोन वायरी उलट लागल्या तर मोटर उलटी फिरते, आणि सेंट्रिफ्यूगल पंप उलटा फिरूनही थोडं पाणी देतोच. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. काही पंपांत इम्पेलर आट्यांवर बसवलेला असतो. तो उलट फिरण्यात सैल होऊन निघतो. एक फेज गेली तर मोटर उरलेल्या दोघांवर कण्हत राहते आणि फुंकते. तेव्हा फेज सांभाळणारं रिले पंपासोबतच विकत घ्यावं, नंतर नको.

पंप आला. पाइप जोडणाऱ्या युनियनचं माप जुळलं, पण उंची दोन इंच कमी. खाली काँक्रीटचा ओटा करून घेतला, कारण पाइपाला ताण देऊन बसवलेला पंप सांध्यातून गळतोच. मिस्त्रीने टोपलीत पाणी भरलं, झाकण फिरवलं आणि बटण क्षणभर दाबून सोडलं. मागचा पंखा बाणाच्या दिशेने फिरला. मग पूर्ण सुरू केला. आवाज इतका कमी की सेक्रेटरी दोनदा विचारून गेले, चालू आहे ना?

बॅकवॉश झाल्यावर फिल्टरचा काटा ०.६ किलोवर थांबला. मिस्त्रीने खिशातून मार्कर काढला आणि गेजशेजारी भिंतीवर तारीख आणि आकडा लिहिला. ०.९ झाला की वाळू धुवायची. त्या आकड्याखाली जुन्या पंपाची नोंद शोधली, तर तिथे फक्त कुणातरी इलेक्ट्रिशियनचा मोबाइल नंबर होता, अर्धा पुसलेला.