म्हातारपणातली उदासी आणि हजिऱ्याचा दवाखाना

ग्वाल्हेरबाहेरच्या माणसाला हजीरा ठाऊक असतो तो तानसेनाच्या समाधीमुळे. शहरात राहणाऱ्याला तो गिरणीमुळे ठाऊक आहे. बिर्लांनी 1921 मध्ये उभी केलेली जियाजीराव कॉटन मिल, म्हणजे लोकांच्या तोंडची जे. सी. मिल, नव्वदच्या दशकात बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा वाद पुढे वर्षानुवर्षे चालू राहिला. गिरणी थांबली तेव्हा तिशीत असलेला कामगार आज साठीच्या पुढे गेला आहे. त्या वस्तीतला एखादा वृद्ध बोलेनासा झाला, जेवणावरून उठू लागला, औषधाची वेळ विसरू लागला, की घरचे ‘वय झालं’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतही निराळे काही घडत नाही. मुले पुण्याला किंवा इंदूरला असतात, एवढाच फरक. ‘वय झालं’ हे निदान नव्हे. वृद्धांच्या मानसिक आजारांवर गेल्या वीसेक वर्षांत जे संशोधन झाले, त्यातले आपल्या सर्वाधिक उपयोगाचे काम गोव्यात झाले आहे. गल्लीतल्या दवाखान्यात बसणारा, नीट शिकवलेला साधा माणूस यातले बरेच दुःख टाळू शकतो, हे त्या कामाने दाखवले. हजिऱ्यासारख्या ठिकाणी पहिला पैसा त्या माणसावर खर्च व्हायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

आधी आजाराविषयी. नैराश्य म्हातारपणी नेहमी रडण्यातून दिसत नाही. झोप उडते, अंग दुखते, भूक जाते, लक्ष लागत नाही, आणि लक्ष न लागल्यामुळे विसरणे वाढते. ब्रिटनमधले मनोविकारतज्ज्ञ लेस्ली किलो यांनी 1961 मध्येच अशा रुग्णांकडे लक्ष वेधले होते: वरून स्मृतिभ्रंशासारखे दिसणारे, पण उपचारांनी सुधारणारे. आपल्याकडे 2017-18 मध्ये झालेल्या ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीत साठीच्या वरच्या सुमारे 8 टक्के लोकांत नैराश्याची ठळक लक्षणे आढळली. डॉक्टरांनी तसे निदान केल्याचे सांगणारे मात्र 1 टक्काही नव्हते. याच पाहणीच्या पुढच्या अभ्यासाने साठीवरच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख भारतीयांना, स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज दिला. दोन्ही आजार असे शेजारी शेजारी नांदतात, आणि पहिला ओळखलाच जात नसल्यामुळे त्याचे बरेच रुग्ण दुसऱ्याच्या खात्यात ढकलले जातात. बाहेरून दोन्हींचे रूप एकच दिसते.

यावर जाणकार वाचक एक रास्त शंका घेतील. उतारवयातले नैराश्य हीच स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल, तर ते बरे करून काय साधणार? ही शंका पोकळ नाही. लंडनच्या सरकारी नोकरांना दशकानुदशके पाहत आलेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासाचा 2017 मधला निष्कर्ष असा आहे की मध्यमवयातल्या उदासीने पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला दिसला नाही. स्मृतिभ्रंशाच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांतली उदासी मात्र त्याच्याशी जोडलेली होती. म्हणजे काही जणांत ती आजाराची पहिली चाहूल असू शकते. दुसरीकडे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी 14 कारणे मांडली, त्यांत कमी शिक्षण आणि बहिरेपणाबरोबर नैराश्यही आहे. हा वाद अजून मिटलेला नाही. पण त्याचा निकाल कुठल्याही बाजूने लागला तरी उपचाराचे कारण बदलत नाही. ती चाहूल असेल, तर त्या माणसावर पुढची काही वर्षे लक्ष ठेवायला हवे. ती चाहूल नसेल, तर बरा होऊ शकणारा माणूस आपण विनाकारण कोपऱ्यात बसवून ठेवला आहे.

गोव्यातला प्रयोग सविस्तर सांगायला हवा. ‘संगात’ या संस्थेने डॉ. अमित डायस आणि पिट्सबर्गचे डॉ. चार्ल्स रेनॉल्ड्स यांच्यासह तो केला; 2019 मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्राथमिक आरोग्य दवाखान्यांत येणारे 181 वृद्ध निवडले. सगळे साठीच्या पुढचे, उदासीची लक्षणे असलेले, पण पुरते नैराश्य न आलेले. निम्म्यांना नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले. उरलेल्यांना डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी काही बैठका दिल्या. बैठकांत गूढ काही नव्हते. समोरची अडचण नेमकी कोणती, तिचे तुकडे कसे करायचे आणि या आठवड्यात त्यातला कोणता हाती घ्यायचा. झोपेची घडी कशी बसवायची. मधुमेहासारखा जुना आजार कसा सांभाळायचा. ज्या सरकारी मदतीवर हक्क आहे ती मिळवायची कशी. ही शेवटची बाब मला सर्वांत मोलाची वाटते, कारण अडकलेली पेन्शन हे उदासीचे खरेखुरे कारण असते आणि त्यावर गोळी नाही. वर्षभरात पहिल्या गटातल्या 14.4 टक्के लोकांना पूर्ण नैराश्य आले, दुसऱ्या गटात 4.4 टक्के लोकांना. माणसांत मोजायचे तर 90 पैकी 13 आणि 91 पैकी 4. आकडे लहान आहेत आणि असे प्रयोग आणखी व्हायला हवेत, हे मान्य. पण निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कुणाच्या मर्जीवर न ठेवता झाली होती, आणि प्रयोग आपल्याच देशातल्या साध्या दवाखान्यांत झाला होता.

स्मृतिभ्रंश झाल्यावरही घरी जाणारा माणूस उपयोगी पडतो. डॉ. डायस आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या गटाने 2008 मध्ये गोव्यातल्याच 81 कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रशिक्षित स्थानिक सल्लागार सहा महिने घरी जाऊन आजार समजावून सांगत, चिडचिड आणि रात्रीचे भटकणे कसे हाताळायचे ते दाखवत. रुग्णाच्या वागण्यात ठाम म्हणावी अशी सुधारणा झाली नाही. सांभाळणाऱ्याचा मानसिक ताण मात्र स्पष्टपणे उतरला. आपल्या घरांत सांभाळणारी व्यक्ती म्हणजे बहुधा सून, मुलगी किंवा स्वतःच थकलेली बायको. एकत्र कुटुंब आहे, ते पाहून घेईल, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की पाहून घेणारे कुटुंब म्हणजे प्रत्यक्षात एकटी बाई असते.

मग औषधे सोडून द्यायची का? मुळीच नाही. तीव्र नैराश्यात, जीव नकोसा झाला असेल किंवा खाणेपिणे सुटले असेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञाकडे तातडीने न्यावे; औषधे आणि प्रसंगी विद्युत उपचार जीव वाचवतात. पण गोळीची मर्यादाही संशोधनानेच दाखवली आहे. स्मृतिभ्रंशासोबत नैराश्य असलेल्या इंग्लंडमधल्या 326 रुग्णांवर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्ट्रालिन आणि मिर्टाझापिन ही दोन नावाजलेली औषधे औषधहीन गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. दुष्परिणाम मात्र जास्त झाले. तिन्ही गटांतले रुग्ण साधारण सारखेच सुधारले. समुपदेशकाच्या बैठका ही गरिबांसाठीची दुय्यम सोय आहे, या आक्षेपाचे उत्तर इथे मिळते. मापून सिद्ध झालेल्या उपचाराला, तो स्वस्त आहे म्हणून, दुय्यम म्हणता येत नाही. दुय्यम ठरेल ते प्रशिक्षण आणि देखरेख न देता कुणालाही समुपदेशकाच्या खुर्चीत बसवणे.

ती देखरेख ग्वाल्हेरला मिळू शकते. शहरात मानसिक आरोग्यशाळा आहे. एके काळी तिची अवस्था इतकी वाईट होती की सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले, आणि 1997 मध्ये आग्रा व रांचीबरोबर तिच्यावरची देखरेख राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवली गेली. तिथल्या तज्ज्ञांनी हजिऱ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलातल्या समुपदेशकांना शिकवावे, अवघड रुग्ण स्वतःकडे घ्यावेत, आणि बाकीचे काम वस्तीत होऊ द्यावे. पैशाचा ओघ मात्र उलट्या दिशेने आहे. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीच्या वरच्यांना मिळू लागलेले आयुष्मान वय वंदना कार्ड 5 लाखांपर्यंतचा खर्च उचलते, पण रुग्णालयात दाखल झाल्यावरचा. दारी येऊन अर्धा तास बोलणाऱ्या माणसासाठी त्यात जागा नाही. नगरसेवक, आमदार मत मागायला येतील तेव्हा हजिऱ्यातल्या घरांनी खाटांबरोबर हा माणूसही मागावा. तोवर घरातला वृद्ध दोन आठवड्यांहून अधिक काळ गप्प, उदास किंवा एकाएकी विसराळू झाला असेल, तर त्याला दवाखान्यात न्या; थायरॉइड, बी-12 आणि कान तपासून घ्या, आणि नैराश्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक 14416 आहे. तिथे बोलायला पैसे पडत नाहीत.