परक्या गावातील पहिली रात्र

व्यापारी म्हटला की परमुलुख आलाच. आपल्यापैकी बहुतेक घराण्यांचा इतिहास कोणा पूर्वजाने गाव सोडले त्या दिवसापासून सुरू होतो. काठियावाडातून सोलापुरास येऊन स्थिरावलेल्या घराण्यातील शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी 'जैन बोधक' हे नियतकालिक मराठीतून चालविले. उद्योगपती वालचंद हिराचंद हे त्यांचेच पुत्र. परक्या गावाची भाषा आपली केली की गावही आपले होते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावयास नको.

बडोद्यात हाच प्रवाह उलट दिशेने वाहिला. अठराव्या शतकात गायकवाडांच्या मागोमाग मराठी कुटुंबे येथे आली आणि दांडिया बाजार, रावपुरा या भागांत रुजली. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक मुलगा दत्तक येऊन गादीवर बसला. तेच श्रीमंत सयाजीराव महाराज. त्यांच्या राज्यात गुजराती ही कारभाराची भाषा होती, आणि 'सयाजी साहित्यमाले'त गुजराती व मराठी ग्रंथ सारख्याच अगत्याने निघत. मराठी साहित्य संमेलने येथे १९०९, १९२१ व १९३४ साली भरली आणि २०१८ साली एक्क्याण्णवावे संमेलनही येथेच झाले. परके येथे परके राहिले नाहीत, असे म्हणावयास आम्हांस अभिमान वाटतो.

परंतु अभिमानाच्या या वहीत एक नावे पडलेली रक्कमही आहे. ती लपविणे प्रामाणिक व्यापाऱ्यास शोभणार नाही.

१९१३ साली भीमराव आंबेडकर हे बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या काळी चीनमधूनही अनेक तरुण शिष्यवृत्तीवर अमेरिकेस जात. त्यांतील हू शी हे १९१५ साली कोलंबियात येऊन प्रा. जॉन ड्युई यांचे विद्यार्थी झाले. पुढे ते चीनचे थोर विचारवंत व अमेरिकेतील राजदूत म्हणून गाजले. आंबेडकरही ड्युईंचेच विद्यार्थी. त्या परक्या नगरीत चिनी आणि हिंदी विद्यार्थी एकाच गुरूपुढे बसत होते. तेथेच आंबेडकरांना नवल भथेना हा पारशी मित्र लाभला. ही मैत्री जन्मभर टिकली आणि पुढील शिक्षणाच्या वेळी पैशाच्या रूपानेही उपयोगी पडली. परदेशातील पाच वर्षांत आपण अस्पृश्य असल्याची जाणीवच पुसली गेली होती, असे आंबेडकरांनी लिहून ठेवले आहे.

ती जाणीव बडोद्याने परत करून दिली. १९१७ साली करारानुसार ते संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास आले, तेव्हा राहावयास जागा मिळेना. एका पारशी पांथशाळेत दिवसाला दीड रुपया भाडे देऊन, पारशी नाव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर पडण्यास फर्माविले. एक हिंदू स्नेही म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. एका ख्रिस्ती स्नेह्याने पत्नीला विचारावे लागेल असे सांगून वेळ मारून नेली. अखेर कामाठी बागेत बसून त्यांनी गाडीची वाट पाहिली आणि रात्री मुंबईस प्रयाण केले. आज सयाजीबाग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या बागेतील जागा 'संकल्पभूमी' या नावाने वंदनीय झाली आहे.

यातील मर्म आम्हांस असे वाटते: राज्याने शिष्यवृत्ती दिली, नोकरी दिली, पण शेजार देणे राज्याच्या हाती नव्हते. तो नागरिकांनीच द्यावयाचा असतो, आणि त्यांनी तो दिला नाही.

हे ओळखणारे पुरुष आपल्यातही झाले. बडोद्यातच १८७० साली जन्मलेले आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने १९१५ साली मुंबईत महावीर जैन विद्यालय सुरू झाले. नाव विद्यालयाचे, पण काम वसतिगृहाचे. परगावच्या विद्यार्थ्यास प्रथम हवे असते ते छप्पर आणि चार माणसांची पंगत, हे त्यांनी जाणले होते. पुढे त्याची शाखा बडोद्यातही निघाली.

आज १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात परप्रांतांचे व परदेशांचेही विद्यार्थी येतात. आमच्या कारखान्यांत व पेढ्यांवर उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसाकडील माणसे राबतात. त्यांना खोली देताना आपण प्रथम काय विचारतो? आपल्या घरात आपल्या आहाराचा नियम पाळला जावा, ही अपेक्षा रास्त आहे. ती आधीच स्पष्ट सांगावी. परंतु स्वयंपाकघराच्या प्रश्नाआड जातीची चौकशी चालत असेल, तर तो नियम नव्हे, अहिंसेच्या नावाने केलेली हिंसाच होय.

आपल्याही पूर्वजांना कोणा अनोळखी गावात कोणीतरी पहिल्या रात्री ओटी उघडून दिली असेल. ते देणे अद्याप फिटलेले नाही. दारात उभ्या असलेल्या परगावच्या माणसाच्या खाती ते जमा करावे, एवढीच आमची सभासद बंधुभगिनींस विनंती आहे.