पंधरा जणांचे घर

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नरसी नामदेव हे गाव आहे. येणारा माणूस संत नामदेवांना हात जोडतो आणि परततो. बाकीच्या घराची चौकशी सहसा कोणी करत नाही. ती करायची तर जनाबाईला विचारावे. तिच्या नावावरच्या एका अभंगात या घराची चक्क शिरगणती आहे. गोणाई-राजाई सासूसुना, दामाशेटी-नामदेव बापलेक. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे आणि लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना. लेक लिंबाई, बहीण आऊबाई आणि सर्वांत शेवटी दासी जनी. मोजले की पंधरा भरतात, आणि यातल्या बहुतेकांच्या नावावर अभंग आहेत.

गाणाऱ्या घराण्यांचे कौतुक जगभर होते. अमेरिकेत 1927 च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टल गावी कार्टर कुटुंबाची गाणी ध्वनिमुद्रित झाली: नवरा, बायको आणि भावजय. तिथल्या कंट्री संगीताचा इतिहास सांगताना आजही त्या तिघांपासून सुरुवात करतात. आपल्या नामदेव शिंप्याच्या घरात सासूपासून दासीपर्यंत पंधरा माणसे, तीही साडेसहाशेहून जास्त वर्षांपूर्वीची. पण आऊबाईचा किंवा लिंबाईचा अभंग कीर्तनात शेवटचा कधी ऐकला, हे आठवून पाहावे लागते.

नामदेवांचा जन्म 1270 चा, असे परंपरा मानते. जन्मगावाबद्दल अभ्यासकांत वाद आहे; काहींच्या मते ही नरसी कराडकडची. मराठवाड्याने तो वाद फारसा मनावर घेतलेला नाही. घर पुढे नांदले ते पंढरपुरात.

एका घरात एवढी माणसे रचना करू शकली, याचे अर्धे श्रेय अभंगाच्या घडणीला द्यायला हवे. मोठ्या अभंगाचे चार चरण: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. बावीस अक्षरांत एक कडवे पुरे. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळले की कान आपोआप पुढे सरकतो आणि शेवटचा आखूड चरण टाळ थांबायला जागा देतो. जात्यावरच्या ओवीला सरावलेल्या बाईला हे माप परके वाटण्याचे कारण नव्हते. शिवाय घर शिंप्याचे, मापाचे. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदे आहेत. त्यांतल्या एका पदात मन गज होते आणि जीभ कात्री.

मात्र हे घर एका सुरात गात नव्हते, आणि मला ते त्यासाठीच आवडते. गोणाई विठोबाशी भांडते. नऊ महिने पोटात वागवलेला मुलगा तू नादी लावलास, माझा नामा मला परत दे, असा तिचा रोख असतो. राजाईचे गाऱ्हाणे थेट रखुमाईकडे जाते. घरात खायला दाणा नाही, अंगावर धड वस्त्र नाही, नवरा देवळात जाऊन बसलेला. तुझ्या नवऱ्याला जरा समजाव, असे एका बाईने दुसरीला सांगावे तसे ती सांगते. हे अभंग त्यांनी स्वतः रचले की कोणी त्यांच्या तोंडी घातले, याबद्दल शंका घेतली गेली आहे. पुढच्या काळातल्या विष्णुदास नाम्याच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या, तेव्हा ही शंका रास्तच. तरी संतावर चिडलेली बायको आणि संतावर रुसलेली आई यांना परंपरेने गाथेतून वगळले नाही, हे काही लहानसहान नाही.

जनाबाई या घरात गंगाखेडहून आली. ती स्वतःला नामयाची जनी म्हणवते, पण तिच्या अभंगांत दळण, कांडण, शेणी असे दासीचे सगळे काम आहे आणि त्या कामाला देवालाच जुंपलेले आहे. कोणाचे अभंग कोणी लिहून घेतले, याची नोंदही तिच्या नावावर सापडते. चोखोबांचे अनंतभट्टाने, सावता माळ्याचे काशिबा गुरवाने, आणि जनीचे? खुद्द पांडुरंगाने. घराची दफ्तरदारी दासीने सांभाळली म्हणायची.

हिंगोली जिल्ह्यातल्याच औंढा नागनाथला नामदेवांना विसोबा खेचर हे गुरू भेटले, अशी आख्यायिका आहे. तिथली दुसरी कथा कीर्तनाची. पुजाऱ्यांनी नामदेवांना देवळासमोरून उठवले, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी देवळाच्या मागे का, याचे उत्तर औंढ्यात आजही या कथेने दिले जाते. मराठी कीर्तनाची सुरुवात नामदेवांपासून धरतात. त्याला दगडी पुरावा हवा असलेल्यांसाठी ही कथा सोयीची आहे.

1350 च्या आषाढ वद्य त्रयोदशीला पंढरपूरच्या महाद्वारी या कुटुंबाने समाधी घेतली, असे मानतात. ती जागा म्हणजे नामदेव पायरी. त्या तिथीचा दाखला मिळतो तो लाडाईच्या अभंगात. बाळंतपणासाठी ती दूर होती. शके बाराशे बहात्तर, महिना, तिथी असे सगळे नोंदवून ती विचारते, सगळे देवाला अर्पण झाले, मग मलाच का मागे ठेवले? चरित्रकार ज्या तारखेवर विसंबतात, ती या मागे राहिलेल्या सुनेच्या हंबरड्यातली आहे.

नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला आणि घरातल्यांनी त्याचा वाटा उचलला, अशी श्रद्धा आहे. तुकोबांनी तर लिहूनच ठेवले की नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि उरलेली संख्या पुरी करायला सांगून गेले. शिंप्याच्या घराचे देणे अशा रीतीने देहूच्या वाण्याच्या खात्यावर चढले.

पंढरपूरचे नामदास घराणे स्वतःला नामदेवांचे वंशज मानते. आळंदीत कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांच्या समाधी सोहळ्याच्या कीर्तनाचा मान त्यांचा असतो, आणि त्यात गायचे असतात ते समाधीचे अभंग नामदेवांचेच.